क्रिस्पी बीफ सॉसमध्ये पडलं की सादळतं: ओल नेमकी येते कुठून?

तेलातून काढलं तेव्हा पट्टी मोडली की कट्‌कन आवाज येत होता. सॉसमध्ये घोळवलं, वाढलं, मुलांना हाका मारल्या, आणि पहिला घास घेतला तेव्हा वरचं आवरण भिजलेल्या कागदासारखं मांसावरून सुटून आलं. एकदाच झालं असतं तर सोडून दिलं असतं. माझ्या घरी हे वर्षभर होत राहिलं, दर दोन-तीन आठवड्यांनी. इथे न्यू जर्सीत मैत्रिणींशी बोलले तेव्हा कळलं, जिने जिने हे घरी करून पाहिलंय तिची तक्रार हीच. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

बोलतेय ते अमेरिकेतल्या चायनीज टेकआउटमध्ये मिळणाऱ्या कुरकुरीत बीफबद्दल. ऑरेंज बीफ म्हणा, सेसमी बीफ म्हणा, नावं बदलतात पण अंग एकच: पातळ पट्ट्या, त्यावर स्टार्चचं काचेसारखं आवरण, आणि आवरणाला चिकटून बसलेला गोड-आंबट-तिखट चकचकीत सॉस. मी मूळची वसईची. आमच्या घरी बीफ म्हणजे बाटली मसाला (आमच्याकडचा, बाटल्यांत भरून ठेवायचा तिखट मसाला) लावून, झाकण ठेवून, मंद आचेवर तास-दीड तास शिजवलेलं. मांस करायचं तर वाफ कोंडायची, हे हाताला लागलेलं वळण. या पदार्थात नेमकी ती वाफच नडते, आणि माझ्या निम्म्या चुका त्या वळणामुळे झाल्या होत्या.

मराठीत या दुखण्याला चपखल शब्द आहे, सादळणं. पापड सादळतो, चिवडा सादळतो, तसंच हे आवरण सादळतं. तळलेलं आवरण कुरकुरीत असतं कारण त्यातलं जवळजवळ सगळं पाणी उडून गेलेलं असतं. त्यात थोडं पाणी परत शिरलं की संपलं. ते पाणी मांसातून येतं, पिठातून येतं, ताटलीत कोंडलेल्या वाफेतून येतं नाहीतर सॉसमधून येतं. प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा आहे, त्यामुळे आधी आपली वाट कुठली ते शोधायला हवं.

आधी तीन पट्ट्या बाजूला काढा

पुढच्या वेळी कराल तेव्हा एक पट्टी तेलातून काढल्यावर मिनिटभरात खा. दुसरी सॉस न लावता जाळीवर दहा मिनिटं राहू द्या, मग खा. तिसरी सॉसमध्ये घोळवा आणि पाच मिनिटांनी खा.

पहिलीच मऊ लागली तर दोष मांसात, पिठात किंवा तेलाच्या तापमानात आहे. पहिली छान आणि दुसरी मऊ, तर तळणं अपुरं पडलंय किंवा काढून ठेवायची पद्धत चुकतेय. दोन्ही छान आणि तिसरीच बिघडली, तर सॉस. एवढी साधी परीक्षा मी वर्षभर केली नाही. दर खेपेला पीठ बदलत राहिले, आणि माझा मुख्य दोष होता सॉसमध्ये.

पहिलीच पट्टी मऊ असेल तर

पिठाचं पाकीट उलटून बघा. आपण भारतात ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो ते अमेरिकेत कॉर्नस्टार्च या नावाने विकतात. इथल्या दुकानात 'कॉर्न फ्लोअर' लिहिलेलं पाकीट उचललं तर आत मक्याचं बारीक दळलेलं पीठ निघतं, आणि त्याने हा पदार्थ होत नाही. चिमूटभर घेऊन बोटांत दाबा. स्टार्च पांढराशुभ्र असतो आणि दाबला की बोटांखाली कर्र वाजतो. मक्याचं पीठ बहुधा पिवळसर आणि स्पर्शाला किंचित रवाळ. बटाट्याच्या बाबतीतही हाच घोळ आहे: पोटॅटो स्टार्च हवा, पोटॅटो फ्लोअर नको, ते शिजवून वाळवलेल्या बटाट्याचं पीठ असतं.

दुसरी सवय मैद्याची. मुंबईच्या चायनीजच्या गाडीवरचं मंचुरियन आपल्या जिभेवर आणि हातात इतकं बसलंय की आपण आपसूक मैदा, कॉर्नफ्लोअर, अंडं आणि पाणी एकत्र करून भज्यासारखं सरसरीत पीठ भिजवतो. मंचुरियनला ते शोभतं. इथे नाही. मैद्यात ग्लुटेन असतं, त्याचं आवरण जाड आणि ब्रेडसारखं होतं, आणि भिजवलेल्या पिठातलं ते सगळं पाणी तळताना उडवायचं काम आपणच वाढवून ठेवलेलं असतं. मांसाला थोडं चिकट अस्तर द्यायचं आणि त्यावर कोरडा स्टार्च लावायचा. अर्ध्या किलोला जरा कमी म्हणजे ४५० ग्रॅम मांसाला मी एका अंड्याचा पांढरा, एक मोठा चमचा सोया सॉस आणि एक मोठा चमचा कॉर्नस्टार्च एवढंच अस्तर लावते. मग कपभर कोरड्या स्टार्चमध्ये पट्ट्या मूठमूठभर टाकायच्या, प्रत्येक पट्टी सुटी करून हाताने दाबायची, आणि मोठ्या चाळणीत हलवून सैल पीठ झाडून टाकायचं. अर्धा कॉर्नस्टार्च आणि अर्धा बटाट्याचा स्टार्च घेतला तर आवरण जास्त हलकं आणि खुसखुशीत येतं. बटाट्याचा स्टार्च कोरियन दुकानात हमखास मिळतो.

लावल्यावर पाच-दहा मिनिटं पट्ट्या पसरून ठेवल्या तर पीठ धरून बसतं. अर्धा तास ठेवलं तर मात्र स्टार्च मांसातलं पाणी ओढून लगदा होतो. आधी तेल तापत ठेवा, मग पीठ लावा.

आता मांस. फ्लँक स्टेक, म्हणजे पोटाकडचा चपटा तुकडा, सगळ्यात सोपा, कारण त्याच्या रेषा लांब आणि उघड दिसतात. सरलॉइनही चालतं. 'स्ट्यू मीट' म्हणून मिळणारे तुकडे घेऊ नका. ते तासभर शिजण्यासाठी असतात, तीन मिनिटांच्या तळणात चामट होतात. फ्लँक चाळीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवला की कडक होतो आणि सुरी नीट चालते. रेषेला आडवं कापायचं, जाडी साधारण ३ मिलिमीटर, रुंदी बोटाएवढी. यापेक्षा पातळ केलं तर आतलं मांस सुकटासारखं होतं. जाड ठेवलं, सहा-सात मिलिमीटर, तर आत पाणी उरतं आणि ते नंतर हळूहळू बाहेर येऊन आवरण आतून भिजवतं. ही गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली, कारण आपण नेहमी बाहेरून येणाऱ्या ओलीचाच विचार करतो.

मांस मऊ राहावं म्हणून खाण्याचा सोडा लावतात. ४५० ग्रॅमला अर्धा छोटा चमचा, एक मोठा चमचा पाण्यात कालवून, वीस मिनिटं. सोड्याने मांसाचा पृष्ठभाग अल्कधर्मी होतो, त्यामुळे शिजताना प्रथिनं एकमेकांना फार घट्ट आवळत नाहीत आणि मांस पिळवटून पाणी बाहेर फेकत नाही. इथवर सगळे करतात. पुढे दोन पायऱ्या लोक गाळतात. एक, सोडा दोन-तीन पाण्यांनी धुवायचा. राहिला तर साबणासारखी चव येते आणि पट्ट्या शिजायच्या आधीच काळपट होतात. दोन, धुतलेलं मांस पुरतं कोरडं करायचं. नुसतं चाळणीत निथळून भागत नाही. मी मांस मुठीत घेऊन पिळते, मग पेपर टॉवेलवर एक थर पसरून वरून दुसऱ्या टॉवेलने दाबते, आणि टॉवेल भिजला की बदलते. वेळ असेल तर जाळीवर पसरून फ्रीजमध्ये अर्धा-पाऊण तास उघडं ठेवते. बोटाला मांस ओलं न लागता किंचित चिकट लागलं की समजायचं झालं.

तळताना आवरण सुटून तेलात तरंगत असेल तर दहापैकी नऊ वेळा इथेच चुकलेलं असतं, ओल्या मांसावर पीठ लावलेलं असतं. दहाव्या वेळी तेलात टाकल्या टाकल्या झारा फिरवलेला असतो. पहिली अर्धी मिनिट हात लावायचा नाही.

तेलाबद्दल एकच आग्रह धरते: थर्मामीटर घ्या. भजी आणि पुऱ्या आपण अंदाजाने उत्तम तळतो, पिठाचा थेंब टाकून तेल ओळखतो. पण या पदार्थात दोन वेगळी तापमानं लागतात आणि पंचवीस अंशांच्या फरकाने सगळं बदलतं. पहिल्या तळणाला १६५ अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये साधारण ३३०. दुसऱ्याला १९०, म्हणजे ३७५. घरच्या गॅस बर्नरची ताकद साधारण ७ ते १५ हजार बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) असते. रेस्टॉरंटमधल्या वोकच्या बर्नरचा आकडा लाखाच्या घरात जातो. तिथे टोपलीभर मांस एकदम टाकलं तरी तेल लगेच सावरतं. आपल्याकडे तेवढंच टाकलं तर तेल १३० पर्यंत उतरतं, मांस तळण्याऐवजी उकळतं, आणि आवरण तेलकट होतं. अपार्टमेंटमधल्या इलेक्ट्रिक कॉइलवर तर आणखीच. म्हणून एक लिटर तेलाला एका वेळी दीडशे ग्रॅम मांस, त्याहून जास्त नाही. म्हणजे ४५० ग्रॅमचे तीन घाणे. पातळ नॉनस्टिक पॅनपेक्षा बिडाची कढई चांगली, ती उष्णता धरून ठेवते. दोन घाण्यांच्या मध्ये तेल परत तापू द्यायचं, घाई करायची नाही.

पहिली कुरकुरीत, दहा मिनिटांनी मऊ

हा एकदा तळून थांबण्याचा परिणाम आहे. पहिल्या तळणात आवरण बसतं आणि वरचं पाणी उडतं. पट्टी बाहेर काढून ठेवली की आतल्या मांसातलं पाणी आवरणाकडे सरकत राहतं. ते तसंच सोडलं तर आवरण आतून मऊ पडतं. पण दहा मिनिटं थांबून पुन्हा कडक तेलात टाकलं तर ते वर आलेलं पाणीही उडून जातं आणि आवरण पहिल्यापेक्षा कितीतरी टिकाऊ होतं.

पहिलं तळण दीड-दोन मिनिटं, रंग जेमतेम फिका पिवळसर. मग सगळे घाणे संपेपर्यंत विश्रांती. मग १९० अंशांवर पाऊण ते एक मिनिट. इथे घड्याळापेक्षा कान जास्त कामाला येतात. दुसऱ्या तळणात टाकल्या टाकल्या तेल जोरात खळखळतं, बुडबुडे मोठे आणि भरभरून येतात. ते बुडबुडे म्हणजे उडणारं पाणीच. मग हळूहळू आवाज बारीक होतो, बुडबुडे साबुदाण्याएवढे होतात आणि झाऱ्यावर पट्ट्या हलवल्या तर एकमेकांवर आपटून वाळक्या शेंगांसारख्या वाजतात. तो आवाज आला की काढायच्या. रंगावर भरवसा ठेवू नका, सोया सॉसमुळे रंग लवकर येतो आणि फसवतो.

टेकआउटवाल्यांची बरीचशी जादू याच जागी आहे. पहिलं तळण ते आधी उरकून ठेवतात आणि ऑर्डर आली की दुसरं करतात. घरीही चालतं. पाहुणे येणार असतील तर पहिलं तळण सकाळी करून, पट्ट्या पूर्ण थंड करून फ्रीजमध्ये उघड्या ठेवा. जेवायच्या वेळी फक्त दुसरं तळण आणि सॉस.

काढून ठेवायचं कशात, यावर भांडायला मी तयार आहे. पेपर टॉवेल घातलेल्या ताटलीत नको. एकदा मी ताटलीतली पट्टी उलटून पाहिली. वरची बाजू खडखडीत होती आणि खालची, कागदाला टेकलेली बाजू, घामेजली होती. कागद तेल शोषतो, पण वाफेला जायला जागा ठेवत नाही. चिवडा गरम असताना आपण डब्यात भरत नाही, त्याचं कारण हेच. केक गार करायची तारेची जाळी घ्या, खाली ट्रे ठेवा, आणि पट्ट्या एका थरात पसरा. ढीग करू नका.

दोन्ही छान, सॉस लागला की बिघडतं

इथे मी सगळ्यात जास्त अडकले, आणि बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं.

माझा सॉस घट्ट होता. चमच्याला चिकटत होता, चमकत होता, टेकआउटच्या सॉससारखाच दिसत होता. तरी दोन मिनिटांत आवरण विरघळायचं. कारण तो घट्ट होता कॉर्नस्टार्चच्या पाण्याने. मंचुरियनच्या ग्रेव्हीला करतो तसं मी दोन मोठे चमचे स्टार्च पाण्यात कालवून उकळत्या सॉसमध्ये ओतत होते. सॉस झटकन घट्ट व्हायचा, पण त्यातलं पाणी कुठेच गेलेलं नसायचं. स्टार्चने ते नुसतं धरून ठेवलेलं असायचं, आणि कोरडं आवरण शेजारी मिळालं की ते तिकडे जायचं. सॉस आटून घट्ट होणं आणि पीठ लावून घट्ट होणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात.

हे माझ्या डोक्यात उतरलं ते डिसेंबरात, नाताळचे कुलकुल करताना. ज्यांना माहीत नसतील त्यांच्यासाठी सांगते: काट्यावर किंवा कंगव्यावर वळवलेले पिठाचे छोटे शिंपले तळायचे आणि पाकात घोळवायचे. वर्षानुवर्षं करतेय. पाक कच्चा राहिला तर कुलकुल मऊ आणि चिकट होतात, आणि पक्का झाला तर पाकात घोळवूनसुद्धा महिनाभर कुरकुरीत राहतात. ज्यांच्याकडे चिरोटे होतात त्यांनाही हे ठाऊक आहे. म्हणजे ओल्या दिसणाऱ्या पाकाने तळलेला पदार्थ भिजत नाही, कारण त्यात मोकळं पाणी फारसं उरलेलंच नसतं आणि जे असतं ते साखर सोडत नाही. समोर कुलकुलाची परात होती आणि मी सॉसचा विचार करत होते.

तेव्हापासून सॉसला मी पाक समजते. ४५० ग्रॅम मांसाला पाव कपाला थोडी जास्त साखर (साधारण ६५ ग्रॅम), दोन मोठे चमचे सोया सॉस, तीन मोठे चमचे राइस व्हिनेगर, एक मोठा चमचा शाओशिंग वाइन (स्वयंपाकात घालायची चिनी तांदळाची दारू), पाव कप चिकन स्टॉक किंवा पाणी. आधी चमचाभर तेलात सुक्या लाल मिरच्या, बारीक चिरलेलं आलं-लसूण आणि संत्र्याची साल परतायची. साल फक्त वरची केशरी, आतला पांढरा भाग कडू लागतो. मग सॉस ओतून मोठ्या आचेवर उकळायचा आणि बघत राहायचं.

सुरुवातीला बुडबुडे पाण्यासारखे, भराभर फुटणारे. तीन-चार मिनिटांत ते संथ आणि जाड होतात, कढईभर फुगून येतात. उलथनं तळाशी ओढलं की मागे कोरडी वाट उमटते आणि ती भरून यायला दीड-दोन सेकंद लागतात. थेंबभर गार बशीवर टाकून, निवल्यावर दोन बोटांत धरून बघा. तार यायच्या जरा अलीकडे, मधाएवढा चिकट, हा टप्पा. पूर्ण एकतारी होऊ दिला तर पट्ट्या एकमेकींना चिकटून गोळा होतो. स्टार्च वापरायचाच तर चमक येण्यापुरता, अगदी छोटा एक चमचा, तोही उकळायच्या सुरुवातीलाच. खारटपणा आटल्यावरच चाखा. आधी चाखून सोया वाढवला तर शेवटी तोंडात धरवत नाही.

आच बंद करा. तिळाचं तेल थेंबभर. पट्ट्या तेलातून निघून एक-दोन मिनिटंच झालेली हवीत. सगळ्या एकदम टाका आणि वीस सेकंदांत घोळवून बाहेर काढा. कढईच्या तळाशी सॉसचं डबकं उरलं असेल तर सॉस जास्त झालाय, ते ताटात ओतू नका. हाताशी दुसरं माणूस असेल तर सॉस आटवायचं काम त्याला द्या. दुसरं तळण आणि सॉस एकाच वेळी तयार होणं हे यातलं खरं अवघड काम आहे. एकटी असताना मी सॉस आधी आटवून बाजूला ठेवते आणि पट्ट्या काढल्यावर पुन्हा अर्धं मिनिट उकळी आणते.

आता साखरेबद्दल. आपल्यापैकी अनेकांना हा पदार्थ फार गोड वाटतो, मलाही वाटायचा, म्हणून साखर निम्मी करून टाकतात. तिथेच कुरकुरीतपणाही जातो, कारण पाक व्हायला साखरच उरत नाही. या पदार्थाचं सख्खं भावंड म्हणजे जनरल त्सो चिकन. ते पेंग चांग-क्वे या हुनानी (चीनच्या हुनान प्रांतातल्या) आचाऱ्यांनी १९५० च्या दशकात तैवानमध्ये बनवलं, आणि त्यांच्या मूळ पदार्थात साखर नव्हती. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हुनानी आणि सेचवानी रेस्टॉरंटांची लाट आली तेव्हा अमेरिकन जिभेसाठी हे पदार्थ गोड झाले आणि त्यांची आवरणं जास्त कुरकुरीत झाली. म्हणजे साखर पाहुण्यांच्या आवडीने आली, पण आता ती या सॉसचा कणा आहे. मला वाटतं गोडी कमी करायची असेल तर साखर तशीच ठेवून व्हिनेगर आणि मिरच्या वाढवाव्यात. संत्र्याची सालही थोडा कडवटपणा देते. मूळ चिनी पदार्थात संत्र्याची वाळवलेली साल, चेनपी, याचसाठी असते. चिनी दुकानात मिळाली तर कोमट पाण्यात भिजवून, बारीक चिरून घाला, ताज्या सालीपेक्षा खोल वास येतो.

संत्र्याचा रस सॉसमध्ये ओतणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तेही पाणीच. अर्धा कप रस घातला तर तो आधी एकटाच आटवून दोन-तीन चमचे करा.

भाज्या, भात आणि डबा

ब्रोकोली, कांदा, ढोबळी मिरची सॉसमध्ये मांसाबरोबर घातली तर ती आपलं पाणी तिथे सोडणारच. फ्रोझन ब्रोकोली तर अजिबात नको. टेकआउटमध्ये ब्रोकोली बाजूला, सॉसशिवाय लावलेली असते ते उगाच नाही. भाज्या वेगळ्या परता, वेगळ्या वाढा. भातही शेजारच्या वाडग्यात. वाफाळत्या भातावर हे बीफ घातलं तर खालचा थर पाच मिनिटांत गेला.

रेस्टॉरंटमधलं बीफ घरी आणेपर्यंत कुरकुरीत राहतं, ते आपलं का राहत नाही, असं मला विचारतात. खरं तर तेही पूर्ण राहत नाही. डबा उघडा ठेवून गाडीतून आणलेलं आणि घट्ट झाकण लावून आणलेलं, दोन्ही एकदा चाखून बघा. घडीच्या कागदाची ती पांढरी टेकआउट पेटी १८९४ मध्ये शिकागोत फ्रेडरिक विल्कॉक्स यांनी पेटंट केली. घड्या घातलेल्या कागदामुळे ती गळत नाही, आणि वरच्या पाकळ्यांच्या फटीतून थोडी वाफ निघून जाते. आता मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यांना तशी फट नसते. घरी आणल्यावर पहिलं काम झाकण काढायचं.

उरलेल्या तक्रारी

मांस चामट होत असेल तर रेषेच्या दिशेने कापलंय. मांसाच्या तुकड्यावर रेषा कुठे धावतात ते कापण्याआधी बोटाने चाचपून बघा, एकाच तुकड्यात दिशा बदलूही शकते. गोव्यात किंवा वसईकडे म्हशीचं मांस वापरत असाल तर रेषा जाड असतात, सोडा अर्धा तास ठेवा आणि पट्ट्या आणखी पातळ करा. बीफ खात नसाल तर हीच सगळी पद्धत कोंबडीच्या मांडीच्या मांसाला जशीच्या तशी लागू पडते. तिथे सोडा लागत नाही.

पट्ट्या तेलात एकमेकींना चिकटून गठ्ठा होत असेल तर त्या मुठीने टाकल्या जातायत. एकेक सोडा. लांब चॉपस्टिक्सने हे चिमट्यापेक्षा सोपं जातं.

एअर फ्रायरमध्ये करून पाहिलं. कोरड्या स्टार्चला तेल मिळालं नाही तर तो पांढरा आणि पिठूळ राहतो. तेलाचा स्प्रे दोन्ही बाजूंनी भरपूर मारला तर खाण्यासारखं होतं, पण ते काचेसारखं आवरण येत नाही. तेल वाचवायचं असेल तर खोलगट छोट्या कढईत दोन कप तेल घेऊन सत्तर-ऐंशी ग्रॅमचे छोटे घाणे काढा, ते एअर फ्रायरपेक्षा केव्हाही चांगलं.

एअर फ्रायर खरा कामाला येतो उरलेल्या बीफसाठी. २०० अंश सेल्सिअसला चार मिनिटं, मध्ये एकदा हलवून. ओव्हन असेल तर २२० ला जाळीवर सहा-सात मिनिटं. सॉसमधली साखर कडेने करपायला लागते, म्हणून समोरून हलू नका. बाहेर काढल्यावर लगेच चाखून मऊ वाटलं तर घाबरू नका, गरम पाक मऊच असतो. मिनिट-दोन मिनिटं जाळीवर निवू द्या, मग तो आवरणावर आवळून बसतो आणि पट्टी पुन्हा वाजायला लागते.